येळवशीची भज्जी आणि माळेगावचा वळू

मार्गशीर्ष सरत आला की मराठवाड्याच्या या दक्षिण टोकाला दोन गोष्टी लागोपाठ घडतात. वद्य चतुर्दशीच्या सुमारास नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. आणि लगेच येणाऱ्या अमावस्येला लातूर जिल्हा घराला कुलूप लावून शेतात जातो. पुस्तकी भाषेत ती वेळ अमावस्या, आमच्या तोंडी येळवस. त्या दिवशी लातूर शहरात चहाची टपरी उघडी सापडली तर नशीब समजावे. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी राहते, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव बसतात, डोक्यावर आंबिलीचे बिंदगे घेऊन माणसे बांधावरून येतात, आणि मग गावातले, परगावातले, ओळखीचे, बिनओळखीचे सगळे एकमेकांच्या शेतात जेवतात. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि भज्जी.

पुण्या-मुंबईच्या वाचकांना भज्जी म्हटले की कढईतली कांदाभजी आठवतील, म्हणून खुलासा करायला हवा. भज्जी ही एक पातळसर, आंबूस, सगळ्यांना सामावून घेणारी भाजी आहे. तुरीचे ओले दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वालाच्या शेंगा, ओला भुईमूग, मेथी, चाकवत, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगे, चिंच, आणि हे सारे बांधून ठेवायला ताकात कालवलेले हरभऱ्याचे पीठ. घराघराची यादी वेगळी. पण नियम एकच होता, की त्या दिवशी शेतात आणि बांधावर जे जे उभे आहे ते ते भज्जीत पडले पाहिजे. म्हणजे बघा, एखाद्या शेताची भज्जी चाखली की त्या शेतात काय काय पिकते हे जिभेला कळत असे. तलाठ्याच्या पीकपेऱ्यापेक्षा हा हिशेब अधिक खरा.

या दोन दिवसांकडे मी गेली काही वर्षे आपल्या मुलखाची वार्षिक शिरगणती म्हणून पाहतो आहे. येळवशीला पिकांची शिरगणती, माळेगावी जनावरांची. आणि दोन्हीकडचा आकडा उतरत चालला आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

‘जैवविविधता’ हा शब्द आपण ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर ताडोबाचा वाघ येतो, नाही तर सह्याद्रीतली ऑर्किडे. तो शब्द आपला नव्हे, जंगल असलेल्यांचा, अशी आपली समजूत. नांदेडला निदान किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, पैनगंगेचे खोरे आहे. लातूर मात्र राज्यात सर्वांत कमी वन असलेल्या जिल्ह्यांपैकी. जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही जंगल नाही. चाकूर तालुक्यात वडवळ नागनाथचे बेट आहे, तीनेक किलोमीटर लांबीची वनौषधींची टेकडी. असे ठिकाण सोडले तर सगळी काळी, सपाट, नांगराखालची जमीन. मग या जिल्ह्याची जैवविविधता होती कुठे? ती शेतात होती, बांधावर होती, गोठ्यात होती आणि घरातल्या गाडग्यांत राख लावून ठेवलेल्या बियाण्यात होती. जंगल तोडले की निदान डोळ्यांना दिसते, कुणी तरी ओरडते. शेतातले वैविध्य गेले तरी शेत हिरवेच दिसते. त्यामुळे ओरड झाली नाही.

शेताचा जुना घाट आठवून पाहा. मृग बरसला की तिफण चालायची. ज्वारीच्या काही ओळींनंतर मागे बांधलेल्या मोघ्यातून तुरीची एक ओळ पडायची. मूग आणि उडीद वेगळ्या पट्ट्यात किंवा त्यातच मिसळून. कडेला अंबाडी, मधेच तीळ, हलक्या तुकड्यावर कारळ. रब्बीत दगडी नाही तर मालदांडी ज्वारी, तिच्या सोबतीला करडई. जनावरे आत शिरू नयेत म्हणून करडईच्या काट्यांचे कुंपण. ओलावा धरणाऱ्या रानात जवस आणि हरभरा. हुरड्यासाठी गूळभेंडीचा एखादा वाफा घरच्या पोरांच्या नावाने. यातले प्रत्येक पीक वेगळ्या खोलीवरून पाणी पिते. मुगाची मुळे वरच्या थरात, तुरीची आणि करडईची पार खाली. ज्वारीचा स्वभाव तर फार समजूतदार. पावसाने ओढ दिली की ती पाने गुंडाळून गप्प उभी राहते, वाढ थांबवते. पाऊस परतला की पुन्हा सुरू होते. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत ज्वारीच्या सोबतीने पेरलेल्या तुरीत मर रोग कमी आढळला. आपल्या आजोबांना बुरशीचे नाव ठाऊक नव्हते, शेजार ठाऊक होता.

पण या सगळ्यात मला महत्त्वाची वाटते ती तारखांची गोष्ट. मूग पोळ्याच्या आसपास घरात. उडीद त्यामागून. खरीप ज्वारी दिवाळीच्या पुढेमागे. तूर पौषात. करडई, जवस, हरभरा फाल्गुनापर्यंत. शेतकऱ्याचे वर्ष पाच-सहा ठिकाणी टेकलेले असे. निसर्गाचा एक तडाखा बसला तर त्यातला एक टेकू निखळायचा; बाकीचे छप्पर धरून ठेवायचे.

आता त्याच जमिनीवर जूनच्या अखेरीस सोयाबीन पडते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर या काळात ते काढणीला येते. सगळ्या गावाचे, सगळ्या तालुक्याचे, जवळजवळ सगळ्या जिल्ह्याचे एकाच पंधरवड्यात. त्यानंतर ज्याच्याकडे ओल आहे त्याचा हरभरा. पाण्याकाठी ऊस. संपली यादी. आणि नेमका तो पंधरवडा परतीच्या पावसाचा आहे.

आता हवामानाकडे येऊ. गेल्या बारा वर्षांचे नुसते टाचण काढले तरी पुरे. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने रब्बी झोपवली. त्यानंतर लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. लातूरला नळ आटले, मांजरा धरणाचा तळ दिसला, मार्च २०१६मध्ये पाण्याच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून ‘जलदूत’ ही पाण्याची आगगाडी पहिले पाच लाख लिटर घेऊन लातूरच्या स्थानकात उभी राहिली. साऱ्या देशाने ते चित्र पाहिले. देशाने जे पाहिले नाही ते पुढचे: त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने मांजरा भरले आणि उभे सोयाबीन पाण्यात गेले. एका वर्षात दोन्ही. २०२१च्या सप्टेंबरअखेर मांजराचे दरवाजे उघडले आणि नदीकाठची पिके मातीसकट वाहून गेली. २०२३मध्ये ऑगस्ट कोरडा. २०२५च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून असा पाऊस कोसळला की हसनाळ, रावणगावसारख्या गावांत घरात पाणी शिरून माणसे दगावली. आणि सप्टेंबरमध्ये तर सारा मराठवाडा पाण्याखाली होता. शेंगांना झाडावरच कोंब फुटले.

सरासरी काढणारे म्हणतील, पाऊस काही कमी झालेला नाही. खरे आहे. वर्षाची बेरीज तीच राहून तिचे हप्ते बदलले आहेत. तापलेली हवा जास्त बाफ धरते, एका अंशाला सुमारे सात टक्के. म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधल्या उघडिपी लांबतात. पुढे काय होईल याबद्दल शास्त्रज्ञांत तपशिलाचे मतभेद आहेत, पण लहरीपणा वाढणार यावर नाहीत. अशा लहरी सावकाराशी व्यवहार करताना सगळी पुंजी एका तारखेवर लावणे, हा शेतीचा प्रकार म्हणायचा की मटक्याचा?

कुणी म्हणेल, हा जुन्या शेतीचा गोडवा झाला. १९७२ साली काय सोयाबीन होते? नव्हते. मिश्र पिकांची रानेही तेव्हा करपली, बायामाणसे खडी फोडायला गेली, लोकांनी अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली. वैविध्य म्हणजे काही कवचकुंडले नव्हेत. पडल्यावर उठता येणे, एवढीच त्याची किंमत. पण ती फार मोठी आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक म्हणून एक ठिकाण आहे. तिथे डेव्हिड टिलमन हा शास्त्रज्ञ गवताळ रानाचे तुकडे आखून वर्षानुवर्षे मोजमाप करीत होता. मध्येच १९८८चा कडक दुष्काळ आला. ज्या तुकड्यांत गवताच्या आणि झुडपांच्या जाती जास्त होत्या त्यांचे नुकसान कमी झाले आणि ते लवकर सावरले. एक-दोन जातींचे तुकडे फार खाली गेले आणि बराच काळ तिथेच राहिले. १९९४मध्ये टिलमन आणि जॉन डाउनिंग यांनी ‘नेचर’ साप्ताहिकात हे मांडले तेव्हा जगभर वाद झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही. मात्र मूळ मुद्द्याला धक्का बसलेला नाही. गंमत अशी, की १९९४ हेच वर्ष आपल्याकडे वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे.

त्या वर्षी जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचा ‘जेएस ३३५’ हा सोयाबीनचा वाण अधिसूचित झाला. सोयाबीन विदर्भात आधीच रुजले होते. नव्वदच्या दशकात ते आमच्याकडे पसरले आणि पुढची वीसेक वर्षे सोयाबीन म्हणजे जेएस ३३५ असेच समीकरण होते. म्हणजे पिकांची संख्या घटून एकावर आली आणि त्या एका पिकातही वाण एकच. याचा धोका काय असतो हे अमेरिकेने १९७० साली भोगले होते. तिथल्या बहुतेक संकरित मक्यात एकाच मातृवंशाचा अंश होता. करपा आला आणि देशाचा सुमारे पंधरा टक्के मका घेऊन गेला. आमच्याकडे २०२३मध्ये पिवळा मोझॅक आला. लांबलेल्या उघडिपीत पांढरी माशी वाढली आणि हिरवी राने आठ-दहा दिवसांत हळदीसारखी झाली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने एमएयूएस ७१, १६२, ६१२ असे वाण दिले आहेत, त्यांचे काम मोलाचे आहे. तरीही सोयाबीनच्या जागी दुसरे सोयाबीन, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही.

शेतकऱ्याला यात दोष देणारा मी नव्हे. औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याशी गेल्या येळवशीला कोपीत बसून बोलत होतो. माझे पुराण ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “सर, तुमचं समदं खरं हाय. पण ज्वारीला राखण कोण बसंल? पाखरं एका दिवसात कणीस पोकळ करत्यात. काढायला बायामाणूस भेटत नाही. भेटलं तर मजुरी ज्वारीच्या भावाबाहीर जाती. सोयाबीनला यंत्र येतंय, सांजच्याला रान मोकळं, आठवड्यात पैका हातात.” याला उत्तर नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत येणारे, दिवाळीला रोख देणारे, लातूरच्या बाजारात कधीही विकले जाणारे पीक त्याने निवडले, यात शहाणपणच होते. शिवाय त्याने ते एकट्याने निवडले नाही. बियाणे, खत, तेलाचे कारखाने, बँकेचे पीककर्ज, कृषी खात्याचा मेळावा, सगळे त्याच एका दिशेला बोट दाखवत होते. त्यावर पीकविमा. राज्याने २०२३मध्ये एक रुपयात विमा दिला आणि २०२५मध्ये ती सवलत गुंडाळली. घरातला विमा काढून टाकायचा आणि सरकारी विम्याच्या रांगेत उभे राहायचे, हा व्यवहार शेवटी महागात पडला. तुरीच्या चार ओळी हा हप्ता भरून झालेला विमा होता, आणि त्याला पंचनामा लागत नसे.

एक गोष्ट मात्र मी त्या कोपीत बोललो नाही, कारण ती पुरुषमंडळींच्या बैठकीत बोलायची सोय नसते. शेतातले वैविध्य हे बऱ्याच अंशी बायकांचे खाते होते. बियाणे निवडायचे, राखेत घोळायचे, गाडग्याचे तोंड लिंपायचे ते त्यांनी. मुगाच्या शेंगा तोडून वरखर्चाचे चार पैसे त्यांना. कारळाची, जवसाची, तिळाची चटणी हे घरात तेल-तूप कमी असलेल्या माणसांचे पोषण होते, आणि खुरपताना ओट्यात येणारी तांदुळजा, घोळ, पाथरी ही तर फुकटची भाजी. तणनाशकाच्या एका फवाऱ्याने ही भाजी तण ठरली. कंधार तालुक्यातल्या एका म्हातारीने मला विचारले, “भाजीला तण म्हणायचं कुणी ठरीवलं?” मी शहाण्यासारखा गप्प बसलो. आज तेच जवस शहरात चकचकीत पाकिटातून ‘ओमेगा थ्री’ म्हणून येते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सकाळी चमचा चमचा खाल्ले जाते.

ज्वारी गेल्यावर काय काय गेले याची साखळी लांब आहे, आणि ती थेट माळेगावपर्यंत जाते. ज्वारी गेली, कडबा गेला. सोयाबीनचे भुसकट जनावर नाइलाजाने खाते. कडबा नाही म्हणून बैल नाही. बैल नाही म्हणून शेण नाही. शेणखत नाही म्हणून जमिनीतला कर्ब उतरला, आणि कर्ब उतरलेली जमीन पाऊस धरून ठेवत नाही. म्हणजे चार इंच पाऊस पडूनही पंधरा दिवसांच्या उघडिपीत पीक माना टाकते. दुष्काळ आभाळातून येतो तितकाच तो मातीतूनही येतो.

या मुलखाने दोन गोवंश घडवले. कंधारचा लाल कंधारी: गडद तांबडा, मध्यम बांध्याचा, उन्हात दिवसभर औत ओढणारा. आणि देवणी: पांढऱ्यावर काळे, त्यातही तोंड काळसर तो वानेरा, अंगभर ठिपके तो शेवरा, तिसरा बालंक्या. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेकडे दोन्हींची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. दूध विचाराल तर लाल कंधारी गाय एका वेताला सरासरी सहाशे लिटरच्या आसपास, देवणी साडेआठशेच्या पुढेमागे. होल्स्टीनच्या संकरित गायीपुढे हे आकडे केविलवाणे वाटतात, आणि डेअरीच्या वहीत ते केविलवाणेच आहेत. पण त्या वहीत पाण्याचा, हिरव्या चाऱ्याचा आणि डॉक्टरच्या बिलाचा रकाना नसतो. बेचाळीस अंशांत संकरित गाय पंख्याखाली धापा टाकते. २०१६च्या उन्हाळ्यात चारा छावण्यांची चर्चा आपण केली. कोणती जनावरे वाळल्या कडब्यावर तगतात, याची चर्चा फारशी झाली नाही. आंध्रची ओंगोल जनावरे ब्राझीलने नेली, ती तिथे ‘नेलोर’ नावाने त्या देशाच्या गोमांस व्यवसायाचा कणा झाली. आपण आपली जनावरे यात्रेपुरती सजवतो.

माळेगावची यात्रा मला आवडते. घोड्यांचा बाजार, गाढवांची रांग, कुस्त्या, लावणी, खंडोबाच्या नावाने उधळलेला भंडारा. दक्षिणेतली मोठी यात्रा म्हणून ती मिरवते त्यात अतिशयोक्ती नाही. नांदेड जिल्हा परिषद तिथे पशुप्रदर्शन भरवते, लाल कंधारी आणि देवणीला बक्षिसे देते. शिंगे रंगवलेला, झुलीखाली तुकतुकीत कातडीचा वळू उभा असतो आणि त्याच्याभोवती मोबाइल उंचावलेले हात. बक्षिसामुळे काही घराण्यांनी वळू टिकवले, हे कबूल केले पाहिजे. पण एक उत्तम वळू म्हणजे गोवंश नव्हे. त्याच्यामागे गावोगाव शे-दोनशे सामान्य गायी लागतात. त्यांना कडबा लागतो, चरायला गायरान लागते, आणि त्यांच्या गोऱ्ह्यांना औतावर काम लागते. ते काम ट्रॅक्टरने नेले. गायराने कशी गेली, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. सांगून उपयोग नाही.

मग करायचे काय? सेंद्रिय संन्यास घ्या, असे मी सुचवणार नाही. सोयाबीन राहील, राहावे. प्रश्न त्याच्या कडेला आणि मध्ये काय उभे असेल याचा आहे, आणि त्याचा खर्च कुणी सोसायचा याचा आहे. आज तो एकट्या शेतकऱ्याने सोसावा अशी अपेक्षा असते, ती मला अन्यायाची वाटते.

हमीभावाचा कागद पाहा. २०२५-२६च्या खरिपासाठी सोयाबीनला क्विंटलला ५,३२८ रुपये, कारळाला ९,५३७, तिळाला ९,८४६. कागदावर कारळ सोयाबीनपेक्षा पावणेदोन पटीने सरस. पण हमीभाव जाहीर होणे वेगळे आणि खरेदीचा काटा लागणे वेगळे. सोयाबीनच्या केंद्रावर रांग लागते, तिथेही भाव पडलेल्या वर्षी सगळ्यांचे मापात बसत नाही. कारळ घेऊन कुणी कुठे जायचे? जिल्ह्यात कारळ, जवस, करडई, ज्वारी यांच्यासाठी दोन-चार केंद्रे जरी नेमाने चालली आणि शाळेच्या आहारात आठवड्यातून दोनदा तांदळाच्या खिचडीऐवजी ज्वारी आली, तरी औशाच्या त्या शेतकऱ्याचे गणित बदलेल. २०२३ हे तृणधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, व्यासपीठांवर भाकरी खाल्ली गेली. रेशनच्या दुकानात मात्र मुख्यतः गहू-तांदूळच. विम्याच्या हप्त्यातही मिश्र पिकाला सूट देता येईल. ज्याचा धोका कमी त्याचा हप्ता कमी, हे तर विम्याच्या धंद्याचे पहिले तत्त्व.

जैवविविधतेचा कायदा २००२चा आहे. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. माधव गाडगीळांसारख्यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावाने स्वतःची संपत्ती स्वतः ओळखावी, हा तिचा आशय होता. पुष्कळ ठिकाणी ती वही कुणीतरी बाहेरचा माणूस येऊन भरून गेला आणि कपाटात पडली. गावातल्या दहा म्हाताऱ्या बायकांना बसवून येळवशीच्या दिवशी कोपीतच ती वही वाचली, तर त्यात काय लिहायचे राहिले हे त्या तासाभरात सांगतील. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणे जपल्याबद्दल २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडे होते ते गाडगे आमच्याकडेही घरोघरी होते. आमच्याकडची बहुतेक फुटली आहेत, सगळी नाहीत.

माळेगावच्या प्रदर्शनासाठी माझी एक सूचना आहे आणि तिला फार पैसे लागत नाहीत. वळूच्या मांडवाशेजारी बियाण्याचा एक मांडव घालावा. ज्या घराकडे स्वतः राखलेल्या वाणांची संख्या सर्वांत जास्त, त्या घरातल्या बाईला पहिल्या क्रमांकाच्या वळूइतकेच बक्षीस द्यावे. अट एकच, की बियाणे उगवून दाखवायचे. म्हणजे दिखाऊ गाडगी आपोआप बाद होतील.

दुसरे काम घरी बसलेल्या वाचकांचे आहे. येळवशीच्या आदल्या दिवशी लातूरच्या गंजगोलाईत भज्जीच्या भाजीचे ढीग लागतात. शहरात राहणारे घेतात ते ठीक आहे. आता शेतकरीही पिशवी भरून तिथूनच घेतो आणि ती शेतात नेऊन शिजवतो. ज्या सणाला शेतातून ताटात यायचे, त्या सणाला भाजी गोलाईतून शेतात जाते. तिळाची पोळीही दुकानातल्या तिळाची. आता हे पाहा: सीमेपलीकडे कर्नाटकात या सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात, आणि कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ.

ज्यांचे थोडेफार रान आहे त्यांच्यासाठी हिशेबाची एक गोष्ट सांगतो. कारळाचे बियाणे एकराला दोन किलोच्या आसपास लागते, तिळाचे त्याहून कमी. बांधाकडेच्या दोन-दोन ओळींसाठी तर ओंजळभर पुरे. मृगाआधी ते हाती हवे. कृषी सेवा केंद्रात विचारलेत तर दुकानदार बहुधा मान हलवील आणि सोयाबीनची पिशवी पुढे करील. तेव्हा आधी चैत्रात, गावाकडे जाल तेव्हा, आत्या-मावश्यांच्या उतरंडीत हात घालून पाहावा. मी यंदा लोह्याजवळच्या एका गावातून अंबाडीचे आणि पिवळ्या ज्वारीचे मूठ मूठ बी आणले आहे. देणाऱ्या बाईंनी पैसे घेतले नाहीत. पुढच्या वर्षी दुप्पट परत करायचे, एवढेच बजावले.